‘आई गं’ ही हाक नव्हे

शुक्रवार, १२ एप्रिल
दुकानातून

प्रिय ताई,

माझं अक्षर बघून तुझी भुवई वर गेली असणार. फोनच केला असता, पण बाबांचा विषय निघाला की तुझ्या दाराची बेल वाजते. इतकी माणसं खरंच तुझ्याकडे येत असती तर एव्हाना तू निवडणूक लढवली असतीस. म्हणून हे पत्र.

जेवणाची सुट्टी चालू आहे. समोर चष्म्याच्या फ्रेमचे ट्रे पसरलेत, मालक मागच्या खोलीत काचा घासतोय आणि मी काउंटरवर डबा बाजूला सारून लिहितेय. सकाळी एक आजोबा नंबर तपासायला आले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी धडाधड म्हणून दाखवली. मी तक्ता बदलला, तरी तीच ओळ म्हणाले! मला बाबांचीच आठवण झाली. बाबासुद्धा ड्रायव्हिंगच्या परीक्षेला रस्त्यावरच्या खुणा अशाच पाठ करून गेले होते आणि दोनदा नापास होऊन घरी आले होते.

आता मुद्द्याचं. उद्या सकाळी आम्ही तळ्यावर निघतोय, दोन दिवस तंबूत राहायला. वाळूचा छान किनारा आहे म्हणे. मी, तुझा लाडका मेहुणा, आमची भिंगरी, बाबा आणि त्या. त्या म्हणजे बाबांची बायको. बघ, लिहिलं सरळ. तुझ्यासारखं ‘ती ड्रायव्हिंगवाली’ मला आता लिहवत नाही.

लगेच रागावू नकोस. आईच्या आजारपणात तू तिच्यासाठी काय केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नोकरीतून रजा काढून तू तिच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपायचीस. शेवटी शेवटी तिच्या डोक्यावर मोजके केस उरले, तरी रोज बसून विंचरायचीस. मी नुसती ये-जा करायची. म्हणून ती गेल्यावर चार वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं तेव्हा तुझ्या जिवाला किती लागलं, ते मला कळतं. पण ताई, आईच्या मागे ती गाडी खाली धूळ खात उभी होती आणि बाबा खिडकीत बसून तिच्याकडे बघत राहायचे. गाडी कायम आईच चालवायची ना. शेवटी पासष्टाव्या वर्षी शिकायला गेले. शिकवायला या होत्या. परवानाही मिळाला आणि बायकोही, आता काय करणार!

बाई गमतीच्या आहेत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, शिकाऊ माणूस घोळ घालायला लागला की दाबायला. तो त्यांच्या पायात इतका मुरलाय की जेवताना बाबा शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला लागले की टेबलाखाली यांचा पाय फरशी दाबतो. बाबांना अजून पत्ता नाही. मला दिसतं, आणि घास घशात अडकतो.

लग्नाला तू आली नाहीस. त्या दिवशी फोनवर म्हणालीस, “तू ज्या दिवशी तिला आई म्हणशील, त्या दिवसापासून मला ताई म्हणायचं नाही.” मी “बरं” म्हटलं. आणि पाळलंय हो, दोन वर्षं पाळलंय. पण ते पाळताना माझी काय तारांबळ उडते ते तरी ऐक. मावशी म्हणावं तर त्या आईच्या बहीण होतात, ते तुला आणखी झोंबेल. काकू म्हणावं तर बाबांच्या बायकोला बाबांचीच वहिनी करून टाकायची! बाई म्हटलं की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. नुसतं “अहो” म्हटलं तर बाबा वळतात. मग मी काय करते? समोर जाऊन उभी राहते. खाकरते. भांडं आपटते. दोन वर्षांत मी त्या बाईंना एकदाही हाक मारलेली नाही. भिंगरीचं बरं आहे. ती पहिल्याच दिवशी “गाडीआजी” म्हणाली आणि मोकळी झाली.

चल, गिऱ्हाईक आलं. तळ्यावरून लिहीन.

तुझं शेपूट


शनिवार, १३ एप्रिल, संध्याकाळ
तळ्याकाठी

प्रिय ताई,

आज विशेष काही नाही. ऊन होतं, वारा होता. भिंगरी पाण्यात खेळली, जरा जास्तच भिजली. आता झोपलीय.

जागा सुंदर आहे. मागे दाट झाडी, पुढे वाळू, आणि पाणी इतकं पसरलेलं की पलीकडचा काठ नुसती रेघ दिसतो. झाडीच्या कडेला एक नळ आहे, तिथे सगळ्यांनी आपापली भांडी घासायची. बाकीचे तंबू लांब लांब आहेत, त्यामुळे बाबांचं घोरणं आमच्यातच राहील.

तंबू उभारताना मजा आली. तुझ्या मेहुण्यानं सूचनांचा कागद उलटा धरला होता आणि वर मलाच समजावून सांगत होता. बाबा खुंट्या ठोकत होते. हातोडा आता बोटावर बसणार, इतक्यात त्या शांतपणे म्हणाल्या, “खुंटीच्या डोक्याकडे बघा.” बस, एवढंच. मी असते तर किंचाळले असते, “बोटावर मारून घेऊ नका!” आणि बाबांनी हमखास बोटावर मारून घेतलं असतं. मी तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणाल्या, “शिकाऊ माणसाला ‘खड्ड्यात घालू नका’ सांगितलं की तो खड्ड्याकडेच बघतो. आणि बघतो तिकडेच गाडी जाते. म्हणून काय करायचं तेवढंच सांगायचं.”

त्यानंतर मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, ताई. दिवसभरात ‘नको’ हा शब्द त्यांच्या तोंडून आलाच नाही. भिंगरी चिखलाचे पाय घेऊन तंबूत शिरायला लागली, तर “पाय पुसून ये.” बाबा तिसऱ्यांदा बटाटे वाढून घ्यायला लागले, तर “आता फळ घ्या.” आणि सगळे ऐकतात! माझ्या घरात सकाळी डोळे उघडल्यापासून हे नको, ते नको, असं नको, आणि कुणी ढिम्म हलत नाही.

अक्षर वेडंवाकडं आलंय ना? वाऱ्यानं कागद सारखा उडतोय. खरंच विशेष काही नाही.

तुझं शेपूट


रविवार, १४ एप्रिल, सकाळ
तळ्याकाठी

ताई,

कालचं पत्र अजून पिशवीतच आहे. दोन्ही एकाच पाकिटात घालीन. कालच्या पत्रात खोटं काही नाही, फक्त मधला भाग गाळलाय. तो वाचून तू मला तोडशील अशी भीती वाटली. पण तुझ्यापासून काही लपवलं की मला अन्न गोड लागत नाही, हे तुला माहीत आहे.

काल दुपारी तुझा मेहुणा गाडी घेऊन बाजारात गेला होता, कारण शेगडीला बसणारा गॅसचा डबा सोडून हा भलताच घेऊन आला होता. बाबा झाडाखाली तोंडावर पेपर घेऊन आडवे. त्या नळावर भांडी घासत होत्या, पाण्याकडे पाठ करून. मी किनाऱ्यावर दोरीवर टॉवेल वाळत घालत होते. भिंगरीनं तंबूतली हवेची गादी ओढत नेली आणि काठाशी पाण्यावर टाकून तिच्यावर बसली. मी बघत होते गं. गुडघाभर पाणी होतं. पण वारा आमच्या पाठीमागून, झाडीतून, सरळ तळ्याकडे वाहत होता, ते माझ्या डोक्यात आलंच नाही. मी टॉवेलला चिमटे लावले आणि वळले, तर गादी पार आत गेलेली.

आधी ती हसत होती. मग हसायची थांबली. आपल्या घरात पोहता कुणाला येतं? मी कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि ओरडत सुटले, “उडी मारू नकोस! भिंगरी, उडी मारू नकोस!” तिनं माझ्याकडे बघितलं आणि एक पाय पाण्यात सोडला. मी ‘उडी, उडी’ ओरडतेय, पोरीनं उडीच ऐकली. तो पाय बघून माझ्या तोंडून जे निघालं ते एवढंच, “आई गं!”

आणि त्या वळल्या.

हातातलं भांडं टाकून धावत आल्या, माझ्याशेजारी पाण्यात उभ्या राहिल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तुम्ही तिच्याकडे बघून हसा.”

“काय?”

“हसा. ती तुमचं तोंड बघतेय.”

ताई, मी हसले. कशी हसले ते विचारू नकोस, नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी आवाज मोठा केला, पण त्यात घाबरलेपणाचा मागमूस नाही. “भिंगरी, पाय वर घे. शाब्बास! आता पोटावर झोप. गादीची कड घट्ट धर. आता माझ्याकडे बघ. मी चालतेय, तू माझ्याबरोबर यायचं.”

किनाऱ्याच्या एका बाजूला खडकांचं एक लांब टोक पाण्यात शिरलंय, गादी होती त्याच्याही पुढपर्यंत. भिंगरी सरळ आमच्याकडे यायला निघाली असती तर वारा तोंडावर घेऊन दमली असती. त्या टोकाकडे तिरकं जायचं तर वारा थोडीफार मदतच करणार. हे त्यांनी कधी हेरून ठेवलं होतं कोण जाणे. गुडघाभर पाण्यातून त्या टोकाच्या दिशेनं चालत राहिल्या आणि बोलत राहिल्या, “दोन्ही हात पाण्यात. ओढ, सोड. ओढ, सोड. आता हळूच वळव. अस्सं. सावकाश ये, रस्ता रिकामा आहे.” बाबांना क्लच आणि गिअर याच सुरात शिकवला असणार. बाबा तोवर जागे होऊन धडपडत पाण्यात शिरायला निघाले होते. त्यांच्याकडे मान न वळवता म्हणाल्या, “तुम्ही खडकाच्या टोकावर जा. ती तिथे लागेल.” बाबा मुकाट्यानं गेले, त्यांच्यामागे मी. आणि भिंगरी तिथेच लागली, ताई! बाबांनी बखोटीला धरून तिला वर ओढलं.

मी तिला आवळून बसले. पहिलं काय बोलली असेल? “आई, मी गादी चालवली.” थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, तर त्या खडकाखाली ओल्या वाळूत पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांचा पाय वाळू दाबत होता, परत परत, चांगला खड्डा पडला तरी दाबतच होता. बाबा जाऊन शेजारी बसले आणि तो पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्या बाईंनाही पोहायला येत नाही, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी शेगडीवर चहा ठेवला तेव्हा आम्ही दोघीच होतो. आभार मानायला मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखी पहिल्याच शब्दाला अडले. मग त्याच बोलल्या.

“दुपारी तुम्ही ओरडलात, म्हणून मी वळले.”

मी शेगडीची आच कमी केली.

“ती हाक नव्हती, मला ठाऊक आहे. ‘आई, अगं’ म्हटलं तर हाक. ‘आई गं’ म्हणजे नुसती कळ. माणूस ठेच लागली तरी म्हणतो. मला वळायला तेवढं पुरलं, एवढंच.”

“तसं नाही, म्हणजे...”

“ह्यांनी ताईंची अट सांगितलीय मला,” त्या म्हणाल्या. “ताईंना बिनधास्त कळवा, अट शाबूत आहे म्हणून. लागलं तर मी साक्ष देईन.” आणि हसल्या. मग चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता, “बहीण एकच आहे तुम्हाला. तिला धरून राहा.”

तुला सांगू? मी कप घेऊन पाण्याकडे जाऊन बसले आणि रडले. आई गेल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून फक्त ठेच लागल्यावर निघतो. त्या बाईंना दोन वर्षांत माझ्याकडून एक हाक मिळाली, तीही चुकून, आणि तीसुद्धा त्यांनी तुझ्यासाठी परत करून टाकली. तुला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. इतकं मोठं मन माझं असतं तर मी चारचौघांत मिरवलं असतं. त्यांनी चहाबरोबर दिलं आणि वर विचारलं, साखर पुरे का म्हणून.

तर तुझी अट शाबूत आहे. साक्षीदारासकट.

तुझं शेपूट


सोमवार, १५ एप्रिल
घरी

ताई,

अट मोडली. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की पत्र भिरकावायचं ते तू ठरव.

काल दुपारी आवराआवर चालू होती. तुझा मेहुणा गाडीत सामान भरत होता, म्हणजे भरलेलं काढून पुन्हा भरत होता. बाबा तंबूच्या आत अंथरुणं गुंडाळत होते. एका बाजूच्या दोऱ्या सोडून झाल्या होत्या आणि मधली मोठी दोरी मी हातात ताणून धरली होती. मला वाकून खुंटी उपटायची होती, आणि त्या पलीकडे चादर झटकत होत्या. मी खाकरले. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार? आपटायला हाताशी भांडंही नव्हतं. मग ताई, मी चांगली शुद्धीवर असताना, कुणी बुडत नसताना, सरळ हाक मारली, “आई, अगं ही दोरी धर जरा.”

‘धर’ म्हटलं. ‘धरा’ नाही. ते ठरवून नाही आलं. त्या शब्दामागे दुसरं काही येतच नाही.

त्या आल्या. दोरी माझ्या हातातून घेतली. माझ्याकडे बघितलं, आणि दोरी सोडून दिली! अख्खा तंबू बाबांच्या अंगावर. आतून बाबा ओरडले, “अरे काय चाललंय? कोण आहे तिकडे?” भिंगरी वाळूत गडाबडा लोळून हसायला लागली. आम्ही दोघी धावलो, कापडाची दोन टोकं वर उचलून धरली, बाबा रांगत बाहेर आले, केस उभे, चष्मा एका कानावर. आणि त्या टोक धरून तशाच उभ्या. गालावरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मग मीच माझ्या ओढणीनं पुसलं. बाबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता उगाच खुंट्या गोळा करायला गेले. त्यांची पाठ हलत होती.

येताना बाबा गाडी चालवत होते, मागे मी, मांडीवर झोपलेली भिंगरी, आणि ती. हो, आता ‘ती’ लिहितेय. तिनं भिंगरीच्या पायांवर चादर सारखी केली. मग म्हणाली, “ताईला तूच सांग. लवकर सांग. दुसरीकडून कळलं तर जास्त लागेल तिला.” पहिल्या दिवसापासून मला अहो-जाहो करणारी बाई ‘तूच’ म्हणाली, आणि तेही तुझ्या काळजीनं.

मी आपल्या आईला विसरले असं तुला वाटेल. खरं सांगते, उलटंच झालं. काल घरी येईपर्यंत तिच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. सिग्नलला थांबली की आरशात बघून ती भांग सारखा करायची, आणि मागून कुणी हॉर्न वाजवला की “आले रे राजा, आले” म्हणायची. तू पुढे बसायचीस आणि मी मागे, तुझी वेणी ओढत. इतकी वर्षं यातलं काही मी आठवू देत नव्हते. आठवलं तर रडू येईल, म्हणून तो शब्दच तोंडात येऊ देत नव्हते. काल आला, रडूही आलं, आणि घरी येऊन मी व्यवस्थित जेवले.

तुला तिला आई म्हणायला मी कधी सांगणार नाही. तू तिला भेटावंस असं मात्र मला फार फार वाटतं. तुझ्यासारखीच आहे गं ती. न बोलता सगळ्यांचं करते आणि वरून दाखवते की काही झालंच नाही. तुमच्या दोघींचं एक तर कडाक्याचं भांडण होईल, नाहीतर माझ्याविरुद्ध एकी होईल. मला दोन्ही चालेल.

अट तू घातली होतीस, आणि मी ती जाणूनबुजून मोडलीय. पण तू ठरवलेली शिक्षा मला झेपणार नाही. लहानपणी तू मला घरी जा म्हणून हाकलायचीस आणि मी पुढच्या वळणावर पुन्हा तुझ्यामागे असायची, तेव्हा आता काय ऐकणार? येत्या रविवारी सकाळी फोन करीन. तू उचललास की मी पहिला शब्द ‘ताई’ हाच म्हणणार आहे. नंतर फोन ठेवायचा तर ठेव. पण आधी तेवढं ऐकून ठेव.

तुझंच,
शेपूट